अभिरक्षा आणि सुरक्षा : निवासी संस्थांतील मनोरुग्ण व बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या आरोग्यरक्षणाचा इतिहास (१८५८ ते २०१९)

प्रास्ताविक

६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी या गावी एका खाजगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. निवासातील बहुसंख्य रहिवासी रात्री साखळीने खांबांना व खाटांना जखडलेले होते. आगीचे लोळ दिसत असूनही त्यांना उठून बाहेर पडता आले नाही. त्याच दिवशी २५ जण मृत्युमुखी पडले व पुढे मृतांची संख्या २८ झाली. साखळ्या घालण्यामागे रहिवाशांना इजा करण्याचा हेतू होता असे म्हणता येत नाही. रात्री कोणी उठून निघून जाऊ नये, विहिरीत पडू नये, दुसऱ्याला मारू नये, थोडक्यात ते 'सुरक्षित' राहावेत, असेच त्यांचे समर्थन केले जात असे. ज्या साधनाने सुरक्षा द्यावयाची तेच साधन मृत्यूस कारण झाले.

ही घटना अपवादात्मक मानून बाजूला ठेवता येईल काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. मनोरुग्ण व बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी आपल्याकडे जी निवासी व्यवस्था निर्माण झाली तिच्या इतिहासात 'अभिरक्षा' (एखाद्यास ताब्यात व नजरेखाली ठेवणे) आणि 'सुरक्षा' (त्या व्यक्तीचे जीवित व आरोग्य निर्धोक असणे) या दोन भिन्न कल्पना दीर्घकाळ एकच समजल्या गेल्या. पहिलीची तजवीज केली की दुसरी आपोआप साधते, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक कसे रूढ झाले, ते कोणत्या घटनांनी खोटे ठरविले आणि रहिवाशांचे प्रत्यक्ष संरक्षण कशाने होऊ शकते, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे. 'वेडा', 'मतिमंद' हे जुन्या कायद्यांतील व कागदपत्रांतील शब्द केवळ कालसंदर्भापुरते वापरले आहेत.

१. 'सुरक्षित ताब्या'ची परंपरा

ब्रिटिश अमदानीत वेड्यांच्या इस्पितळांना सर्वंकष कायदेशीर चौकट लाभली ती १८५८ च्या ३६ व्या अधिनियमाने. कंपनी सरकारचा कारभार संपून राणीचे राज्य सुरू होण्याचे हे वर्ष. भटकणाऱ्या अथवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्या इसमास पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे व त्याने वैद्यकीय दाखल्याच्या आधारे त्याची इस्पितळात रवानगी करावी, अशी या कायद्याची सर्वसाधारण रीत होती. पोलीस, दंडाधिकारी व ताबा हा क्रमच पुरेसा बोलका आहे. आजारी माणसाचा व्यवस्थेशी पहिला संबंध वैद्यामार्फत येत नसून शिपायामार्फत येत असे.

तथापि याच कायद्यात एक वेगळे बीजही होते. इस्पितळाची पाहणी करण्यासाठी सरकारने बाहेरचे 'अभ्यागत' नेमावेत, अशी तरतूद त्यात होती. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक अधिनियमाने ती अधिक निश्चित केली. किमान दोन अभ्यागतांनी, ज्यांपैकी एक वैद्यकीय अधिकारी असेल, महिन्यातून एकदा तरी एकत्रितपणे इस्पितळाची तपासणी करावी, असे बंधन घालण्यात आले. बंद दाराआड राहणाऱ्या माणसाचे हित केवळ आतल्या अधिकाऱ्यांच्या सद्हेतूवर सोडता येत नाही, हे तत्त्व कायद्याने एका परीने मान्य केले होते.

व्यवहारात मात्र ताब्याचेच पारडे जड राहिले. १९२० च्या सुमारास 'वेड्यांचे इस्पितळ' हे नाव जाऊन 'मनोरुग्णालय' हे नाव आले, परंतु वास्तूंची घडण बदलली नाही. महाराष्ट्रातील रत्नागिरी, ठाणे, येरवडा व नागपूर येथील मनोरुग्णालये याच ब्रिटिश काळातील आहेत. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली. बहुतेक मनोरुग्णालये कालबाह्य असून त्यांची रचना रुग्ण बरा होण्याच्या दृष्टीने नव्हे, तर त्यास अडकवून सुरक्षित ताब्यात ठेवण्याच्या दृष्टीने झालेली आहे, असा त्यांच्या निरीक्षणांचा आशय होता. समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या दोषाचे निदान झालेले होते. १९१२ चा कायदा मात्र त्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ अंमलात राहिला.

२. न्यायालयीन हस्तक्षेप आणि १९८७ चा कायदा

१९८० च्या दशकात जनहित याचिकेचे साधन उपलब्ध झाल्यावर बंद भिंतींमागील परिस्थिती प्रथमच व्यापक प्रमाणावर न्यायालयापुढे आली. रांचीच्या मनोरुग्णालयातील दुरवस्थेची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. पुढे ११ नोव्हेंबर १९९७ रोजी रांची, आग्रा व ग्वाल्हेर येथील संस्थांवर देखरेख करण्याचे काम त्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविले. कोणताही गुन्हा नसताना केवळ मनोरुग्ण म्हणून पश्चिम बंगालच्या तुरुंगांत ठेवलेल्या व्यक्तींचा प्रश्न शीला बारसे यांच्या याचिकेतून पुढे आला. अशा रीतीने तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर व घटनाबाह्य असल्याचा निर्णय १९९३ मध्ये झाला. ताबा म्हणजेच सुरक्षा हे समीकरण किती टोकाला जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय. जागा नाही म्हणून रुग्ण तुरुंगात ठेवला जाई आणि त्यास 'सुरक्षित ठेवणे' असे संबोधले जाई.

दरम्यान मानसिक आरोग्य अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला व १ एप्रिल १९९३ पासून अंमलात आला. खाजगी मनोरुग्णालये व शुश्रूषागृहे यांना परवाना आवश्यक ठरला. अभ्यागतांची संख्या किमान पाच करण्यात आली व त्यांपैकी किमान तिघांनी दरमहा संयुक्त पाहणी करावी, असे ठरले. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या अधिनियमाने अपंगांच्या संस्थांची नोंदणी सक्तीची केली. कागदोपत्री पाहता विसाव्या शतकाच्या अखेरीस परवाना, नोंदणी व बाह्य पाहणी ही तिन्ही साधने उपलब्ध होती. तरीही जे घडले त्याचा विचार पुढील तीन घटनांच्या आधारे करू.

३. शिरूर, १९९४ : आरोग्याच्या नावाने

पहिली घटना महाराष्ट्रातील आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे मतिमंद मुलींसाठी शासनाचे निवासी वसतिगृह होते. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेथील दहाहून अधिक मुली व स्त्रिया यांच्यावर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळात या मुलींना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे त्याचे मुख्य कारण सांगण्यात आले. लैंगिक अत्याचारातून गर्भधारणा होण्याचा धोका टळेल, असेही समर्थन पुढे आले. स्त्री संघटना व आरोग्य चळवळीतील कार्यकर्ते यांनी तीव्र विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या आणि हा प्रश्न देशभर चर्चिला गेला.

या घटनेचे महत्त्व तिच्या युक्तिवादात आहे. स्वच्छतेची अडचण वास्तव होती, हे नाकारता येत नाही. परंतु ती अडचण कोणाची होती? पुरेशा मदतनीस स्त्रिया, पाणी, कापड अथवा पॅड, न्हाणीघर आणि मुलींना धीराने शिकविणे, ही त्या अडचणीची साधी उत्तरे होती व ती देण्याचे दायित्व संस्थेचे होते. संस्थेच्या मनुष्यबळातील उणीव मुलींच्या देहातील दोष म्हणून मांडली गेली आणि तिच्यावर शस्त्रक्रिया हा उपाय ठरविला गेला. दुसरा युक्तिवाद तर अधिकच गंभीर आहे. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. थांबतो तो केवळ अत्याचाराचा पुरावा. येथे 'आरोग्य' हा शब्द रहिवाशांच्या नव्हे, तर व्यवस्थापनाच्या सोयीसाठी वापरला गेला.

४. एरवाडी, २००१ : परवान्याबाहेरचे जग

एरवाडीच्या दर्ग्यात मानसिक व्याधी बऱ्या होतात अशी जुनी श्रद्धा आहे. दूरदूरचे कुटुंबीय आपल्या आप्तांना तेथे आणत. मुक्काम दीर्घ होऊ लागला तशी दर्ग्याच्या परिसरात खाजगी निवासे उभी राहिली. झावळ्यांचे छप्पर, शाकारलेल्या झोपड्या, मोजकी माणसे आणि साखळी, असे त्यांचे स्वरूप होते. १९८७ च्या कायद्याखाली परवाना न घेताच ती चालत होती. परवाना नसल्यामुळे अभ्यागत नव्हते, आणि अभ्यागत नसल्यामुळे साखळीची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होत नव्हती.

दुर्घटनेनंतर आठवड्याभरात एरवाडीतील अशी निवासे बंद करण्यात येऊन ५०० हून अधिक रहिवाशांना शासनाने आपल्या देखरेखीखाली घेतले. राज्य शासनाने चौकशी आयोग नेमला. सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रीय बातम्यांच्या आधारे स्वतःहून दखल घेतली आणि ५ फेब्रुवारी २००२ च्या आदेशाने सर्व राज्यांना नोंदणीकृत व अनोंदणीकृत अशा सर्व निवासांचे सर्वेक्षण करण्यास, परवाना नसलेली निवासे बंद करण्यास व रुग्णांना साखळदंडात ठेवण्याची प्रथा थांबविण्यास सांगितले. निवासाच्या चालकांना पुढे २००७ मध्ये कारावासाची शिक्षा झाली.

एरवाडीचा दोष केवळ अंधश्रद्धेच्या माथी मारणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. आप्तांना तेथे आणणाऱ्या कुटुंबांपुढे दुसरा कोणता पर्याय होता, याचाही विचार करावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार नाही, घरी सांभाळणारे वृद्ध झालेले, शेजाऱ्यांची बोलणी आणि सरकारी मनोरुग्णालय शेकडो मैलांवर. अशा स्थितीत अल्प खर्चात आप्तास 'ठेवून घेणारी' जागा हा त्यांना आधारच वाटला. म्हणून निवास बंद करण्याचा आदेश हा उपायाचा अर्धाच भाग ठरतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे जवळपास मिळणारे उपचार व राहण्याचा अन्य पर्याय होय.

५. चंदीगढ व कवडास : नोंदीतल्या संस्थांमधील धोका

तिसरी घटना चंदीगढची. तेथील शासकीय संस्थेत राहणारी सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक तरुणी संस्थेतच झालेल्या बलात्कारातून गर्भवती राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला, परंतु तिची स्वतःची इच्छा मूल ठेवण्याची होती. ऑगस्ट २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमाने मानसिक आजार व बौद्धिक अक्षमता यांत भेद केलेला आहे, हे या निर्णयामागील एक महत्त्वाचे कारण होते. शिरूर येथे जो प्रश्न विचारलाच गेला नव्हता, म्हणजे त्या मुलीचे स्वतःचे म्हणणे काय, तो येथे पंधरा वर्षांनी निर्णायक ठरला. मात्र हेही ध्यानात ठेवले पाहिजे की ही संस्था अनोंदणीकृत नव्हती. ती प्रत्यक्ष शासनाची होती. परवाना हा सुरक्षेचा आरंभ आहे, तिची हमी नव्हे.

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या निवासी संस्थेतील कुपोषण व मृत्यू यांच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली व राज्यातील अशा निवासी संस्थांच्या पाहणीचा प्रश्न न्यायालयाच्या देखरेखीखाली आला. एरवाडीतील मृत्यू आगीचे होते, म्हणून ते देशाने पाहिले. कुपोषणाचे मृत्यू संथ व नि:शब्द असतात. बोलून दाखवू न शकणाऱ्या मुलाची भूक, दुखरा दात, तुंबलेले पोट, फिट येण्याची वाढती वारंवारता अथवा घास श्वासनलिकेत जाऊन झालेला न्यूमोनिया यांची तक्रार कोणी करीत नाही. ती काळजी घेणाऱ्याने ओळखावी लागते. ती ओळखली गेली नाही तर मृत्यूच्या दाखल्यावर काही तरी कारण लिहिले जाते आणि प्रकरण तेथेच संपते.

६. मृत्यू मोजण्याचा धडा

या नि:शब्द मृत्यूंचा पद्धतशीर विचार अन्यत्र कसा झाला, हे पाहणे उपयुक्त ठरेल. ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे, कारण आपल्या १८५८ व १९१२ च्या कायद्यांचे मूळ तेथीलच विचारांत आहे. कार्डिफ येथील ईली रुग्णालयातील छळाचा चौकशी अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यानंतर दीर्घकालीन रुग्णालयांच्या बाह्य पाहणीची यंत्रणा उभी राहिली. तरीही २०११ मध्ये ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी संस्थेतील मारहाण एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने गुप्त चित्रीकरण करून उघड केली. नियामक यंत्रणा असूनही हे घडले.

याहून महत्त्वाचा ठरला २०१३ चा एक अभ्यास. नैर्ऋत्य इंग्लंडमधील बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ व्यक्तींच्या मृत्यूंची त्यात एकेक करून छाननी करण्यात आली. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत असे पुरुष सरासरीने १३ वर्षे व स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावत असल्याचे दिसून आले. निदानास व उपचारास झालेला विलंब हे त्याचे एक प्रमुख कारण होते. २०१५ पासून इंग्लंडमध्ये अशा मृत्यूंच्या नियमित छाननीचा कार्यक्रम सुरू झाला. छळाच्या बातमीने संताप निर्माण होतो व तो ओसरतो. मोजणीने मात्र रोजच्या हेळसांडीलाही नाव मिळते, हा यातील धडा होय.

७. २०१६ व २०१७ चे कायदे : उत्तरे आणि उणिवा

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारास १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. अपंगांसाठीच्या सर्व सुविधांवर स्वतंत्र यंत्रणांनी परिणामकारक देखरेख ठेवावी, असे या कराराचा सोळावा अनुच्छेद सांगतो. एकोणिसावा अनुच्छेद समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो. या कराराच्या अनुषंगाने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ व मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हे दोन कायदे झाले.

२०१७ च्या कायद्यातील दोन कलमे वाचताना मागील घटनांचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. कलम ९५ ने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास आणि मानसिक आजारावरील उपचार म्हणून निर्बीजीकरण करण्यास मनाई केली. कलम २० ने सुरक्षित व स्वच्छ परिसर, सकस अन्न आणि स्त्रियांना मासिक पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू मिळणे, हे हक्क म्हणून नोंदविले. शिरूरच्या प्रश्नाचे योग्य उत्तर कायद्याच्या भाषेत यावयास तेवीस वर्षे लागली. ते उत्तर शस्त्रक्रियेइतके गुंतागुंतीचे नव्हते.

परंतु येथे एक विसंगती आहे. २०१७ च्या कायद्याने 'मानसिक आजार' या संज्ञेतून बौद्धिक अक्षमता वगळली आहे. शास्त्रीय दृष्ट्या हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे शिरूर अथवा कवडाससारख्या संस्था मुख्यत्वे २०१६ च्या कायद्याखाली येतात. त्या कायद्याने संमतीविना वंध्यत्व आणणाऱ्या वैद्यकीय प्रक्रियेस मनाई केली, हे खरे. पण संस्थांविषयीच्या त्याच्या प्रकरणात भर आहे तो नोंदणी देणे, नाकारणे व रद्द करणे यांवर. कलम २० मध्ये अन्न, स्वच्छता व परिसर यांचा जो तपशील आहे, तसा तपशील या प्रकरणात आढळत नाही. ज्यांना तक्रार करणे सर्वाधिक कठीण, त्यांच्याच निवासाविषयी कायदा कमी बोलतो.

अंमलबजावणीचा प्रश्न तर वेगळाच. जानेवारी २०१९ मध्ये, एरवाडीनंतर सतरा वर्षांनी, उत्तर प्रदेशातील बदायूं येथील एका श्रद्धास्थानी मनोरुग्णांना साखळीने बांधले जात असल्याची बाब सर्वोच्च न्यायालयापुढे आली व न्यायालयाने त्याविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली. स्थळ बदलले होते. साखळी तीच होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, निवासी संस्थांतील अपाय हा बहुधा सुरक्षेच्या अभावी नव्हे, तर सुरक्षेच्या चुकीच्या कल्पनेतून झालेला आहे. साखळी, कुलूप, तुरुंगातील कोठडी व शस्त्रक्रिया यांपैकी प्रत्येकाचे समर्थन रहिवाशाच्या हिताच्या भाषेतच केले गेले. म्हणून कोणत्याही उपायाविषयी प्रथम हे विचारले पाहिजे की त्याने रहिवाशाचा धोका कमी होतो की व्यवस्थापनाचे कष्ट.

दुसरा निष्कर्ष पाहणीविषयी. १८५८ पासून कायद्याने बाहेरच्या नजरेची आवश्यकता ओळखली, परंतु ती नजर बहुधा वास्तू व दप्तरे यांवरच स्थिरावली. रहिवाशाचे वजन घटते आहे काय, शेवटची दंततपासणी केव्हा झाली, फिटची औषधे नियमित मिळतात काय, वर्षभरात किती मृत्यू झाले व कशाने, आणि रहिवाशी एकांतात काय सांगतो, हे प्रश्न पाहणीच्या केंद्रस्थानी यावयास हवेत. प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र छाननी हा त्याचा अपरिहार्य भाग ठरतो.

तिसरा निष्कर्ष असा की, सर्वांत विश्वसनीय अभ्यागत हा सरकारने नेमलेला असतोच असे नाही. ज्याच्या घरी शेजारी येतात, जो बाजारात जातो, ज्याला नेहमीचा डॉक्टर व दुकानदार नावाने ओळखतो, त्याच्या अंगावरील वळ लपत नाहीत. चेन्नईच्या 'द बनियन' या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०१५ पासून दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या व्यक्तींना वस्तीतील साध्या घरांत, मदतनीसांच्या साह्याने राहण्याची व्यवस्था केली. तिचे महत्त्व येथे आहे. अशा घरांतही हेळसांड होऊ शकते. परंतु तेथे दार उघडे असते आणि रस्त्यावरून जाणारा आत पाहू शकतो.

महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर समाजकार्य, मानसशास्त्र, विधी, परिचर्या व इतिहास या विभागांच्या अवतीभवती अशी एखादी तरी निवासी संस्था असतेच. वर्षातून एकदा फळे वाटण्यासाठी तेथे जाण्याची प्रथा आपणांस परिचित आहे. त्याऐवजी दरमहा जाणे, तेच चेहरे पुन्हा पाहणे आणि त्यांच्यात झालेला बदल नोंदविणे, हे काम कोणत्याही विभागास करता येण्याजोगे आहे. १९१२ च्या कायद्याने अभ्यागतांकडून याहून अधिक काही मागितले नव्हते.